पाच आवडती, तीन नावडती

माझ्या ताईनं गेल्या वर्षी बावीस पुस्तकं वाचली. हे वाक्य मी मुद्दाम सगळ्यांत आधी लिहिते आहे, कारण ते आजवर कुणी लिहिलेलं नाही. वाचनालयाच्या दर्शनी भिंतीवर काचेची पेटी आहे, तिच्यात लावलेल्या कागदावर ती बावीस पुस्तकं माझ्या भावजींच्या नावावर आहेत. वर्षभर येणारे-जाणारे तो कागद वाचतात आणि म्हणतात, काय माणूस आहे, डोळे गेले तरी वाचन सुटलं नाही. मी तिथून जाताना दुसरीकडे बघते.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. नववीत शाळा सुटली आणि पुढे ती एकतीस वर्षं मोठ्या दवाखान्याच्या लिनन रूममध्ये होती. धुऊन आलेल्या चादरी मोजायच्या, ऑपरेशनची हिरवी कापडं वेगळी करायची, फाटलेलं शिवायचं आणि वॉर्डांना वाटायचं. खिडकी नसलेली खोली, कोपऱ्यात शिलाई मशीन, दिवसभर गरम कापडाचा वास. चादर हातात आली की ती आधी दिव्यासमोर धरायची. विरलेला भाग तिला फाटायच्या आधीच दिसायचा. निवृत्त झाली तेव्हा तिच्या बोटांची पेरं सुजलेली होती आणि पाठ डावीकडे कललेली. तिला एक भिंतीवरचं घड्याळ देऊन निरोप दिला.

भावजी वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानादुकानांतून काटे तपासायचे, खोटं वजन सापडलं की जप्त करायचं. माणूस सचोटीचा. कुणाचा पेढा नाही की पाकीट नाही, आणि ही गोष्ट ते आठवड्यातून एकदा तरी सांगायचे. कामावरून आले की आरामखुर्चीत पुस्तक घेऊन बसायचे ते जेवायला हाक येईपर्यंत. ‘या घरात वाचणारा मी एकटाच,’ असं आल्यागेल्याला ऐकवायचे. ते खरंच होतं, कारण बाकीचं सगळं करणारीही तिथं एकटीच होती. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली आणि लग्न केलं नाही. त्याची कारणं पुष्कळ आहेत, भावजींना जवळून पाहणं हे त्यातलं एक.

आमच्या वाचनालयात एक जुनी पद्धत आहे. वर्षाच्या शेवटच्या रविवारी, ज्यांच्या कार्डावर सर्वांत जास्त पुस्तकं गेली असतील असे तीन वाचक आपापली यादी मांडतात. वर्षभरात वाचलेल्यांतली पाच आवडलेली आणि तीन न आवडलेली, प्रत्येकाखाली दोन-चार ओळी कारण. सगळे त्याला ‘पाच-तीन’ म्हणतात. मी म्हणते आवडत्या आणि नावडत्या राण्या. एकोणीस वर्षं भावजींची यादी पहिली असायची, आणि त्यांनी नावडतीत टाकलेलं पुस्तक पुढं वर्षभर कपाटात धूळ खात पडायचं. नियम एकच होता. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत जे वाचलंय त्याच्याबद्दलच लिहायचं. हा नियम भावजींनीच करून घेतला होता. कुणीतरी प्रस्तावना वाचून मत ठोकलं म्हणून त्यांनी सभेत केवढा गहजब केला होता.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांचा मधला भाग गेला. डॉक्टरांनी कागदावर गोल काढून समजावलं, कडेचं दिसेल, समोरचं दिसणार नाही. म्हणजे दाराची चौकट दिसते, दारात कोण उभं आहे ते दिसत नाही. ताईचा चेहरा सोडून त्यांना बाकीचं सगळं दिसतं. हे ऐकून मी मनात म्हटलं, त्यात नवीन काय, पण मोठ्यानं बोलले नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला असा माझा लौकिक आहे, म्हणून निदान दवाखान्यात तरी सांभाळते.

मग ताई वाचायला लागली. दुपारी तीन ते पाच, रोज. पहिला महिना फार वाईट गेला. तिला मोठ्यानं वाचायची सवय नव्हती. एका दमात वाक्य संपवायची, नाहीतर मध्येच अडायची. भावजी खुर्चीच्या हातावर बोटानं टकटक करायचे. एकदा टकटक म्हणजे पुन्हा वाच. दोनदा म्हणजे सावकाश. शाळेतल्या मुलीलासुद्धा कुणी असं वागवत नाही. मी एकदा तिथं बसलेली असताना त्यांनी एकाच पानावर अकरा वेळा टकटक केली. तिनं अकराही वेळा मागं जाऊन वाचलं.

त्यांचे आणखी दोन नियम होते. वाचताना मध्ये बोलायचं नाही. आणि पुस्तक पुढचं वाचून ठेवायचं नाही, कारण पुढं काय होणार हे माहीत असलं की वाचणाऱ्याच्या आवाजात ते येतं आणि ऐकणाऱ्याची मजा जाते. म्हणून पाच वाजले की पुस्तक त्यांच्याकडे जायचं, त्यांच्या उशाच्या खणात. ताई मला म्हणायची, अगं, रात्रभर ती माणसं तिथं खणात अडकून पडल्यासारखी वाटतात.

इथंच खरं घोडं पेंड खात होतं. तिला गोडी लागली होती. साठाव्या वर्षानंतर माणसाला असं काही लागतं यावर माझा विश्वास नव्हता. ती भाजी निवडताना मध्येच थांबायची. त्या पोस्टमास्तरनं ते पत्र उघडलं असेल का गं, असं मला विचारायची, जसा काही तो पोस्टमास्तर आमच्या गल्लीत राहतो. भावजींना विचारायची सोय नव्हती. एकदा धीर करून तिनं विचारलं तर ते म्हणाले, आधी वाचायला शीक, मग मत देशील.

आणि भावजी पुस्तकं अर्ध्यात टाकून द्यायचे. डोळे असतानाही टाकत असतील, आम्हाला काय ठाऊक. पन्नास-साठ पानं झाली की म्हणायचे, बंद कर, उद्या परत देऊन ये. शितावरून भाताची परीक्षा, असं वर ऐकवायचे. वर्षभरात अशी सात पुस्तकं टाकली. त्यांना ती टाकता आली, तिला येईनात. त्यातलं एक होतं एसटी स्टँडवर कॅन्टीन चालवणाऱ्या बाईचं. ती बाई एके दिवशी चहाचं आधण उकळत ठेवून निघून जाते. चौसष्टाव्या पानावर ती गाडीत बसते. तिथं भावजी म्हणाले, ‘पुरे. बायकांचं रडगाणं आहे.’

ताईनं दुसऱ्या दिवशी पुस्तक परत केलं आणि ते कपाटात जायच्या आत पुन्हा हातात घेऊन तिथंच बाकावर बसली. बसून वाचायला कार्ड लागत नाही. भाजीला जाते सांगून रोज अकरा ते बारा ती तिथं बसायची, पिशवी मांडीवर, पुस्तक पिशवीवर. अशी तिनं सातही पुस्तकं शेवटपर्यंत नेली. म्हणजे हिशेब सरळ आहे. कार्डावर बावीस, भावजींची खरी पंधरा, ताईची पूर्ण बावीस. घरी भाजी शिळी येते म्हणून भावजींची कुरकुर चालायची ती वेगळीच.

मला ती सगळं सांगायची. माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून, हातवारे करून. चाळीस वर्षांत मी तिला एवढं बोलताना पाहिलं नव्हतं. एका निवृत्त न्यायाधीशाचं सातशे पानांचं आत्मचरित्र भावजींना अतिशय आवडलं होतं. ते वाचायला तिला दोन महिने लागले आणि घसा बसला. वाचून झाल्यावर ती मला म्हणाली, ‘सातशे पानांत त्यांची बायको दोनदा आली गं. एकदा लग्नात, एकदा मेली तेव्हा.’ मी हसले. ती हसली नाही.

डिसेंबरच्या मध्यावर भावजींनी यादी सांगायला घेतली आणि ताई लिहायला बसली. आवडतीत पहिले न्यायाधीश. तिथपर्यंत ठीक. नावडतीत पहिली आली कॅन्टीनवाली. भावजींनी सांगितलं, ‘लिही. शेवटच्या पानापर्यंत नेटानं वाचूनही हाती काहीच लागलं नाही.’

ताईचं पेन थांबलं. ती म्हणाली, ‘अहो, आपण तर चौसष्टाव्या पानावर सोडलं होतं.’

‘तुला काय कळतं त्यातलं? सांगतो ते लिही.’

तिनं लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्याकडे आली आणि टेबलावर दोन कागद ठेवले. एक त्यांनी सांगितलेला, दुसरा तिचा. रात्री ते झोपल्यावर तिनं स्वतःची पाच आणि तीन लिहून काढली होती. मी ती उभ्याउभ्याच दोनदा वाचली. जिनं आयुष्यात दवाखान्याच्या मागणीपत्रापलीकडे काही लिहिलं नव्हतं, तिनं हे लिहिलं होतं. चादर दिव्यासमोर धरावी तसं एकेक पुस्तक धरून विरलेलं कुठं आहे ते दाखवलं होतं.

‘कुठला देऊ?’ तिनं विचारलं.

आता इथं मी शहाणपणानं वागायला हवं होतं. पण मला भावजींचा चाळीस वर्षांचा राग होता आणि आयती संधी समोर होती. मी म्हटलं, तुझाच दे, आणि खाली तुझं नाव घाल. आगीत तेल ओतायचं काम माझं. ती नावाला तयार होईना. कार्ड त्यांचं आहे, यादी त्यांच्या नावानंच जाते, मी मध्ये नाव घुसवलं तर बरं दिसणार नाही, म्हणाली. मग थोड्या वेळानं, कपाच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाली, ‘ऐकल्यावर त्यांना कळेलच की. ते सांगतील उभं राहून, हे माझं नाही, हिचं आहे. खोटं वजन त्यांनी कधी पास केलंय का?’

तिला तेवढंच हवं होतं. बक्षीस नको, काचेच्या पेटीत नाव नको. चारचौघांत नवऱ्यानं एकदा म्हणावं, हे हिचं आहे. इतक्या वर्षांत त्यांनी तिच्या हातच्या कशालाही तसं म्हटलं नव्हतं, आणि या वेळी ते चुकणार नाहीत अशी तिची खात्री होती. मला नव्हती. तरी मी तोंडात मिठाची गुळणी धरली, कारण मला तो तमाशा बघायचा होता. याची लाज मला अजून वाटते.

शेवटच्या रविवारी वाचनालयाचा हॉल भरला होता. भावजी पहिल्या रांगेत, ताईनं इस्त्री केलेल्या शर्टात. आम्ही दोघी तिसऱ्या रांगेत. भावजींना वाचता येत नाही म्हणून त्यांची यादी ग्रंथपाल बाईंनी वाचायला घेतली. त्यांनी सुरुवात केली, ‘आवडलेलं पहिलं पुस्तक, कॅन्टीन चालवणाऱ्या बाईची कादंबरी.’ खुर्चीच्या हातावर भावजींचं बोट हलत होतं, ते थांबलं.

बाई वाचत गेल्या. ‘ही बाई अकरा वर्षांनी घरी परत येते. चपला काढते, स्वयंपाकघरात जाते आणि डबे कुठं ठेवलेत ते बघते. कुठं होतीस, असं तिला कुणीही विचारत नाही. लेखकानंही विचारलेलं नाही. त्यामुळे पुस्तक मिटल्यावर ते आपल्याला विचारावंसं वाटतं, आणि उत्तर द्यायला ती समोर नसते.’ पुढची चारही वाचून झाली, तोवर मागच्या रांगांतली कुजबुजही थांबली. मग नावडतीत पहिले न्यायाधीश आले. ‘सातशे पानांत न्यायमूर्तींची पत्नी दोनदा भेटते, लग्नात आणि मृत्यूत. मधली चाळीस वर्षं त्यांना जेवायला कोण वाढत होतं, याचा निकाल त्यांनी दिलेला नाही.’ लोक खळखळून हसले आणि मग टाळ्या सुरू झाल्या. माझ्या शेजारचे निवृत्त हेडमास्तर म्हणाले, काय धार आली आहे यांच्या लेखणीला या वर्षी, माणूस आतून बदललाय.

मी भावजींच्या मानेकडे बघत होते. मान ताठ होती. कान लाल झाले होते. त्यांना पहिल्याच ओळीला कळलं होतं, यात मला तिळमात्र शंका नाही. ताईनं माझं मनगट धरलं होतं. निकालाच्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात उभी राहिलेली मुलगी दिसते तशी ती दिसत होती.

बाईंनी भावजींना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते उठले. आणि खरंच, एक क्षण मला वाटलं की आता हा माणूस सांगणार.

‘डोळे गेले तेव्हा वाटलं, वाचन संपलं,’ भावजी म्हणाले. ‘पण माणूस डोळ्यांनी वाचत नाही. या वर्षी मी प्रथमच आत उतरून वाचलं.’ टाळ्या. त्या थांबेपर्यंत ते थांबले आणि शेवटी म्हणाले, ‘घरच्यांचं सहकार्य लाभलं, त्यांचेही आभार.’

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिला. मी उठायला लागले. काय बोलणार होते माहीत नाही, पण बोलले असते. ताईनं मनगट सोडलं नाही. ‘बस खाली,’ ती हळूच म्हणाली. ‘लोक बघतायत.’ आपलेच दात, आपलेच ओठ. मी बसले.

घरी येताना भावजींनी नेहमीप्रमाणे तिचा कोपर धरला होता. कोपऱ्यावर मला राहवेना. म्हटलं, भावजी, यादी छान झाली हं, कुणाची होती? ते म्हणाले, इथं पायरी आहे ना, सांभाळून चला. तो पायरीचा दगड फोडला असता तर पाणी निघालं असतं, पण त्यांच्या तोंडून शब्द निघाला नाही. ताईनं त्यांना पायरी दाखवली.

नंतरच्या आठवड्यात एक अडचण उभी राहिली. लोक फोन करू लागले. हेडमास्तरांना कॅन्टीनवाल्या बाईबद्दल बोलायचं होतं. ती परत का आली असेल, तुमचं मत काय? भावजी म्हणाले, ते वाचकानं ठरवायचं. दुसऱ्यानं विचारलं, अकरा वर्षांत मुलगा किती बदलला ते कसं वाटलं? त्या बाईला मुलगा आहे हेच भावजींना ठाऊक नव्हतं, तो सत्तराव्या पानानंतर येतो. तीन-चार फोन असे निभावल्यावर त्यांनी ताईला ते पुस्तक पुन्हा आणायला लावलं. ‘चौसष्टपासून पुढं वाच,’ एवढंच म्हणाले. का, ते सांगितलं नाही.

ही गोष्ट कळली तेव्हा मी ताईला म्हटलं, वाचू नकोस. म्हणावं, मी वाचलंय, माझं झालं. एवढी एकच गोष्ट तुझ्या हातात आहे, ती तरी सोडू नकोस. मी तिच्याशी भांडलेच. ती ऐकून घेत होती आणि चादरीची घडी घालत होती. पालथ्या घड्यावर पाणी. तिनं आठ दिवस रोज दोन तास वाचलं. भावजींनी एकदाही टकटक केली नाही. या वेळी गरज त्यांची होती.

नवव्या दिवशी संध्याकाळी ती माझ्याकडे आली. चप्पल दारात काढली न काढली तोच बोलायला लागली. चेहरा असा उजळलेला की मला वाटलं, लॉटरी लागली का काय.

पुस्तक संपलं होतं. शेवटचं पान वाचून तिनं ते मिटलं आणि गप्प बसली, नियमाप्रमाणे. मग पुस्तक उशाच्या खणात न ठेवता तिच्याकडे परत देत ते म्हणाले, ‘ठीक आहे. पण तू लिहिलंस तेवढं काही नाही त्यात.’

हे मला सांगताना ताईनं माझे दोन्ही हात धरले होते.

‘बघ,’ ती म्हणाली, ‘म्हणाले की नाही? तू लिहिलंस, असं म्हणाले. स्वतःच्या तोंडानं.’

माझ्या जिभेवर वीस उत्तरं आली होती. घरात म्हणाले, दार लावून म्हणाले, ऐकायला तू एकटी होतीस, आणि तेही नावं ठेवायलाच म्हणाले. मी तिच्याकडे बघितलं. सहासष्ट वर्षांची माझी बहीण, सुजलेल्या पेरांनी माझे हात दाबत, मी काय म्हणते याची वाट बघत होती.

‘हो ताई,’ मी म्हटलं, ‘म्हणाले खरे.’